पाठमोरा हलगीवाला

"चित्र एक नंबर हाय, सर. पण ह्या पाठीचं काय करायचं?"

हिंदुराव खराडे माझ्या सहा फुटी चित्रासमोर हात मागे बांधून उभे होते. नगरपालिकेच्या हॉलमधल्या माझ्या प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस, रविवार. दुपारचे चार वाजले होते, पंखे घरघरत होते आणि हॉलमध्ये सगळे मिळून सातआठ जण असू. हिंदुराव म्हणजे आमच्या तालुक्यातले मोठे बांधकाम ठेकेदार आणि एके काळचे पैलवान. कान मोडलेले, मान अजून तशीच रुंद. वडिलांच्या नावानं त्यांनी नवी तालीम बांधली होती, महिन्याभरात तिचं उद्घाटन होतं आणि दर्शनी भिंतीसाठी त्यांना चित्र हवं होतं.

"कसली पाठ?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो आणि फटकळ म्हणून माझं नाव स्टाफरूमच्या बाहेरही गेलेलं होतं.

"ह्यो हलगीवाला. पैलवान बघायला गेलं की पयली ह्याची पाठच आडवी येत्या."

ते मात्र खरं होतं. जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान मी हलगीवाल्याच्या मागे बसून रंगवलं होतं. डाव्या बाजूचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याची पाठच होती. घामानं चिकटलेला सदरा, मानेवर सुटलेला पटक्याचा शेव, वर उचललेलं कोपर. त्या कोपराखालून लांबवर तांबड्या मातीत एकमेकांना भिडलेले दोन पैलवान दिसायचे. मला ते चित्र असंच दिसलं होतं.

ती पाठ म्हादू आवळे यांची. आमच्या भागातल्या मैदानांवर पन्नास वर्षं त्यांची हलगी वाजली. हलगी तुम्ही लग्नाच्या वरातीत ऐकली असेल, पण कुस्तीची हलगी निराळी. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी. टिपरू ठोका देतं आणि काडी त्या ठोक्यांच्या मधल्या जागा भरते. म्हादूतात्या पैलवानांच्या छातीकडे बघत वाजवायचे. कुस्ती रेंगाळली की एक चाल, कोणी डाव टाकायच्या बेतात असला की दुसरी, दम संपत आलेल्याला उभं ठेवायला तिसरी. अशा चौदा चाली त्यांच्या हातात होत्या. त्यांच्या मुलानं हलगीला कधी हात लावला नाही. तो एमआयडीसीत कामाला होता आणि त्याला मी दोष देत नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास तात्यांचा डावा हात आठ दिवस लुळा पडला. मग आपोआप परत आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा झटका येईल, कधी ते सांगता येत नाही. त्यानंतर एकदा शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत ते उभे होते. म्हणाले, "मास्तर, माझी हलगी मागं ठेवता येईल का वं?"

घरच्या टेपवर आम्ही प्रयत्न केला. नुसता फटफट आवाज यायचा, काडीचं काम पार बुडून जायचं. कोल्हापुरात एका स्टुडिओवाल्याशी माझी ओळख होती. तो म्हणाला, दोन दिवस द्या, घुमकं म्हणजे छोटा ढोल आणि कैताळ म्हणजे झांज, ते वाजवणारे साथीदार आणा, व्यवस्थित करून देतो. मग ठरलं की चौदा चालींची सीडी काढायची आणि सोबत माझ्या रेखाटनांची एक पुस्तिका. स्टुडिओचं भाडं, साथीदारांचा बुडालेला रोज, छपाई हे सगळं कशातून, तर मी काढलेल्या कुस्तीच्या चित्रांतून. सुट्टीत वेड्यासारखा बसून मी अकरा चित्रं केली. लहान दहा गेली. डॉक्टरांनी घेतली, वकिलांनी घेतली, आमच्या हेडमास्तरांनी एक घेतलं. पण खरी भिस्त त्या मोठ्या चित्रावर होती. ते गेलं की बुधवारी रेकॉर्डिंग, असं पक्कं झालं होतं.

"पाठ तशीच राहणार," मी हिंदुरावांना म्हणालो. "तो कोपऱ्यात डकवलेला माणूस नाही, चित्रच त्याचं आहे."

"तसं न्हवं सर, ऐका तरी." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "ह्ये चित्र तालमीत लागणार. पोरं पाटं उठून येणार, मारुतीला नमस्कार करणार, मग ह्या चित्राला करणार आणि मग मातीत उतरणार. आमची रीत हाय ती. आता तुम्हीच सांगा, पोरांनी नमस्कार कुणाला करायचा?"

कुणी जातीचं नाव घेतलं नव्हतं. ते मी घेतलं.

"म्हणजे मातंगाच्या पाठीला पैलवानांनी हात जोडायचे नाहीत, असंच ना? सरळ बोला की!" मी मोठ्यांदा म्हणालो. "जोडतील हात! नाही जोडले तर चित्र माझ्या घरी राहील. तुमच्या पैशावर थुंकतो मी."

हिंदुरावांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निघून गेले. मागे हेडमास्तरांनी टाळी वाजवली, मग बाकीच्यांनीही. एका स्थानिक पेपरचा बातमीदार तिथंच होता, त्यानं वही काढली. कुंभोजे सर, जरा सविस्तर सांगा, म्हणाला. मी अर्धा तास सविस्तर सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला मूठभर मांस चढलं होतं.

सोमवारी मी स्टुडिओला फोन करून तारीख रद्द केली. म्हटलं, दिवाळीपर्यंत पुन्हा पैसे उभे करू, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, ठीक आहे. तात्यांना मात्र लगेच सांगायला गेलो नाही. मंगळवारी बातमी छापून येणार होती. पेपरच हातात घेऊन जावं, त्यांना बरं वाटेल, असं मी ठरवलं.

मंगळवारी सकाळी शाळेला जाण्याआधी मी वस्तीत गेलो. तात्यांच्या अंगणात तीन माणसं बसली होती. तात्या, आणि इचलकरंजीहून आलेले त्यांचे दोन साथीदार. कामावर खाडा करून ते आदल्या रात्रीच येऊन राहिले होते. मध्ये कागदाचा जाळ करून, कातडं ताणलं जावं म्हणून तात्या हलगी शेकत होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका. त्यांची सून शेवंता चहाचे कप गोळा करत होती.

"या या मास्तर!" तात्या हसले. "उद्याच्याला किती वाजता निघायचं? पयल्या एस्टीनं जाऊ म्हणतोय. उगा तुमच्या माणसाचा खोळंबा नको."

माझ्या हातातला पेपर मी शेवंताकडे दिला. "वाच मोठ्यानं," म्हटलं.

ती सातवी शिकलेली होती, बोट ठेवून वाचायची. तिनं मथळा वाचला, "हलगीवादकाच्या सन्मानासाठी चित्रकाराने धुडकावला सौदा". मग खालचं सगळं वाचलं. माझं नाव, माझी शाळा, माझं शिक्षण, मी काय म्हणालो, लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या. वाचून झाल्यावर तिनं कागद उलटून मागं बघितलं.

"ह्यात मामंजींचं नाव कुटं हाय?" तिनं विचारलं.

नाव नव्हतं. एक हलगीवादक, एवढंच छापलं होतं. बातमीदाराला मी ते नाव सांगितलं होतं का, हे मला आजही आठवत नाही.

"मंजी उद्याचं न्हाई?" तात्या म्हणाले.

"रद्द केलं मी. पण दिवाळीला नक्की. तात्या, त्यानं तुम्हाला चित्रातनं पुसायला सांगितलं हो! मी कसा ऐकून घेणार?"

तात्यांनी हलगी जाळावरून बाजूला घेतली. साथीदार एकमेकांकडे बघायला लागले. मला मात्र वाटत होतं की आता तात्यांचे डोळे भरून येणार.

"त्येनं चित्र घेतलं असतं तर पैसं पुरलं असतं?" त्यांनी विचारलं.

"पुरले असते. पण..."

"मंजी उद्या हलगी टेपात भरली असती."

"तात्या, तुमचा अपमान..."

"माजा अपमान मी बगतो की वं!" ते एकदम ओरडले. पन्नास वर्षांत त्यांना कुणी ओरडताना ऐकलं नसेल. "जलमभर बगत आलोय. मैदान मारलेल्या पैलवानाला लोकांनी खांद्यावर घ्यायचं आन् मी भाईर हुबा ऱ्हाऊन वाजवायचं. बक्षीस लांबनं टाकायचे, ते मातीतनं उचलायचं. ह्ये समदं गिळलं, कशापायी? वाजवाया मिळत हुतं म्हणून. भिंतीवरच्या चितरात मी हाय का न्हाई, त्येचं मला काय करायचंय? मला माजी हलगी मागं ठेवायची हुती. तुमाला सांगितलं हुतं मी. फाटकाशी हुबं ऱ्हाऊन सांगितलं हुतं."

"मला वाटलं..."

"तुमाला वाटलं. हिंदुरावाला बी वाटलं. त्येनं मला न इचारता काढाया सांगितलं आन् तुमी मला न इचारता न्हाई म्हणलासा. दोगांतलं कोण आलं वं माज्या दारात?"

शेवंतानं मला पाणी आणून दिलं. मी ते प्यालो नाही, हातात तसंच धरून बसलो. लाज वाटत होती आणि राग येत होता, आणि राग येतोय याची आणखी लाज वाटत होती.

"जावा," तात्या शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "जावा आन् त्येला म्हणा, काढतो पाठ."

मी तसाच हिंदुरावांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी बसायला सांगितलं. टेबलावर तोच पेपर होता.

"मी जात काढली न्हवती, सर," ते म्हणाले. "तुम्ही काढली, चार माणसांत."

"पण मनात होती ना?"

"हुती. खोटं कशाला बोलू? आणि ह्ये बी खरं की माझ्या बापाच्या एकूण एक कुस्तीला म्हादबाच वाजवायला हुता. बाप म्हणायचा, अर्धी कुस्ती त्यानं मारली." ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. "माझं एकट्याचं घर असतं तर चित्र हाय तसं लावलं असतं. तालीम गावाची हाय. माझ्यात तेवढा दम न्हाई."

मी पाठ काढून देतो म्हणालो. त्यांनी घासाघीस केली नाही, माफीही मागायला लावली नाही. मी कोल्हापूरला फोन केला. स्टुडिओवाला म्हणाला, सर, बुधवार दुसऱ्याला दिला, आता एकदम तीन आठवड्यांनी मोकळा आहे. साथीदार इचलकरंजीला परत गेले.

शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात मी ते चित्र उभं केलं. तात्या आले आणि पहिल्या बाकावर बसले. मी बोलावलं नव्हतं. "मला बी बगायचंय," एवढंच म्हणाले. मी पॅलेट नाइफ हातात घेतला.

"थांबा जरा," ते म्हणाले. उठून चित्राजवळ आले, वाकून आपली पाठ बघत राहिले. मान, सदऱ्याच्या चुण्या, कोपर. "मी मागनं असा दिसतोय व्हय? मला कदी ठावं नव्हतं." त्यांनी बोट पुढे केलं आणि कॅनव्हासला न लावता मागे घेतलं. मग पुन्हा बाकावर जाऊन बसले.

"चला. लावा रंग."

मी खरवडायला लागलो. जाड रंग पापुद्र्यापापुद्र्यानं निघत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तितं आता काय काढणार?"

"प्रेक्षक काढतो."

"गर्दी नको. तितं मोकळी माती दावा." मी तांबडी माती भरायला घेतली. ते मध्येच सांगायचे, "कोपरा ऱ्हायला बगा," "शेवाचा रंग दिसतोय अजून." एखाद्या कामावरच्या मुकादमानं सांगावं तसं. मी रडत होतो. त्यांना दिसत असणार. चार दिवस ते रोज आले, आणि पाचव्या दिवशी चित्रात माती आणि दोन पैलवान एवढंच उरलं.

चित्र तालमीत लागलं. उद्घाटनाला मला शाल-नारळ दिला, तात्यांना हलगी वाजवायला बोलावलं. ते गेटाबाहेर उभे राहून वाजवत होते. तीच त्यांची दोन्ही हातांनी वाजवलेली शेवटची हलगी, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

रेकॉर्डिंगला पाच दिवस उरले होते, तेव्हा सकाळी शेवंता धावत शाळेत आली. झटका आला होता. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण डावा हात गेला. या वेळी तो परत येणार नव्हता. बोलणं जरा अडखळायचं, शुद्ध मात्र पूर्ण होती. स्टुडिओला काय कळवू, असं मी दवाखान्यातच त्यांना विचारलं. या वेळी विचारलं.

"येतो म्हणून कळवा," ते म्हणाले.

कसे गेलो आम्ही, ते विचारू नका. तात्यांना जीपमध्ये आडवं करून नेलं. स्टुडिओत खुर्चीला उशा लावून बसवलं, शेवंतानं हलगी त्यांच्या छातीशी दोन्ही हातांनी धरून ठेवली. काचेपलीकडून स्टुडिओवाल्यानं खूण केली. घुमकं सुरू झालं, कैताळ मिळालं, आणि तात्यांनी उजव्या हातानं टिपरू मारलं. ठोका पडला आणि त्याच्यापुढची जागा रिकामी राहिली. पुन्हा ठोका, पुन्हा रिकामी जागा. मला ते ऐकवेना, मी मान खाली घातली.

मग तिसऱ्या आवर्तनाला ते तोंडानं बोलायला लागले. "तिरकिट, तिकिट, तिरकिट कड..." काडीचे बोल. वाकड्या झालेल्या ओठांतून लाळ गळत होती, पण एकही बोल चुकत नव्हता, जिथं काडी पडायची तिथंच तो पडत होता. साथीदार डोळे मिटून वाजवत होते. पैलवान दमाला आला की वाजवायची ती चाल पुरी झाली.

स्टुडिओवाल्यानं टेप थांबवला. दार उघडून मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ते पुटपुटणं फार येतंय आत. तेवढं काढून टाकू? नुसती हलगी स्वच्छ राहील."

काढायचं नाही, खबरदार, असं माझ्या तोंडात आलं होतं. मी तसाच आत गेलो आणि तात्यांपुढे गुडघ्यावर बसलो.

"तात्या, हे म्हणतात तुमचा आवाज काढायचा. काय करायचं?"

शेवंतानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "त्यो आवाज न्हवं. डावा हात हाय माजा."

त्या दिवशी सहा चाली झाल्या. सातवीला त्यांचा श्वास पुरला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसू म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांना उठताच आलं नाही, आणि पुढच्या जत्रेआधी ते गेले. चोवीस वर्षं झाली. सहा चाली आहेत, कुणी मागितल्या की मी पाठवतो. उरलेल्या आठ कुठेच नाहीत. त्या मी घालवल्या.